पाहुणा कोण आणि यजमान कोण?

दिवाळीची सुट्टी संपवून गोव्याहून परतलेल्या वसईकर कुटुंबांच्या गप्पांत गेली काही वर्षे एक विषय हमखास निघतो. "मोरजीला गेलो होतो, पण आपण भारतात आहोत की रशियात, तेच कळेना!" उपाहारगृहाची पाटी रशियन लिपीत, खाद्यपदार्थांची यादी रशियन भाषेत, किराणा दुकानदाराच्या तोंडी मोडकी रशियन, आणि मराठी माणूस दारात उभा राहिला की वेटरच्या कपाळाला आठी. मग कोणी हसतो, कोणी किनाऱ्यावरच्या बायकांच्या कपड्यांवर शेरा मारतो, कोणी "पैसा येतोय ना, मग बिघडले काय?" म्हणून हात झटकतो. फराळाचे ताट संपते आणि विषयही तेथेच संपतो.

तो तेथे संपता कामा नये. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर जे घडले, ते एका गावापुरते, एका राज्यापुरते राहणारे नाही. परका शेजारी घराशेजारी राहावयास आला म्हणजे समाजाची खरी परीक्षा सुरू होते. त्याच्यापुढे लाचार व्हायचे, त्याचा द्वेष करायचा, की त्याला सन्मानाने बसवून घराचे नियम सांगायचे? या तीन वाटांपैकी तिसरी वाट हिंदू समाजाची आहे, आणि नेमकी तीच आज आपण विसरत चाललो आहोत.

हुतात्म्यांच्या तालुक्यात

महाराष्ट्रातून महामार्गाने गोव्यात शिरताना पहिले गाव लागते ते पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग पत्रादेवीला पडला. उज्जैनचे स्वयंसेवक राजाभाऊ महाकाळ यांनी त्याच सत्याग्रहात प्राणार्पण केले. त्या वर्षी जनसंघाच्या सत्याग्रहींचे नेतृत्व करणारे जगन्नाथराव जोशी यांनी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. हा सारा भूभाग पेडणे तालुक्याचा. १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेलेला, म्हणून 'नव्या काबिजादी'त मोडणारा, पण भजन, दशावतार, शिमगा आणि कोजागरीची पुनव जिवापाड जपणारा. येथील मराठी कीर्तनाची आणि मराठी वर्तमानपत्राची गोडी पोर्तुगीज राजवटीला मोडता आली नाही.

त्याच तालुक्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल हा किनारा गेल्या दोन दशकांत 'छोटे रशिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियात जो नवा मध्यमवर्ग उभा राहिला, त्याला हिवाळ्यात ऊन हवे होते. मॉस्कोहून थेट दाबोळीला उतरणाऱ्या चार्टर विमानांनी ते स्वस्तात मिळवून दिले. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला आणि ही गर्दी ओसरली. महामारीने ती थांबवली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे युद्ध सुरू झाले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रशियात सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि पुन्हा एक लाट आली. या वेळी आलेल्यांत दहा दिवसांचे पर्यटक होते, तसेच संगणकावर काम करून महिनोन्महिने राहणारे तरुण आणि लहान मुले घेऊन आलेली कुटुंबेही होती. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुक्याच्या अंगणातच जगाची विमाने उतरू लागली.

हा रशियन माणूस कोण, हे एकदा शांतपणे पाहावे. त्यात युद्धाला कंटाळलेला तरुण आहे, योगासने शिकणारी गृहिणी आहे, गीता वाचणारा भाविक आहे, आणि व्होडकाच्या नशेत रात्री दोनला दुचाकी दामटणारा उडाणटप्पूही आहे. म्हणजे जो कोणत्याही समाजात असतो, तोच सरमिसळ माणूस. त्याची जात वाईट नाही आणि तो आपला उद्धारकर्ताही नाही. आपण मात्र त्याच्याकडे कधी तुच्छतेने पाहतो, कधी लाळ गाळत. सरळ नजरेने पाहतच नाही.

इंग्रजाची तक्रार आणि आपली री

या किनाऱ्यावर रशियनांच्या आधी आले ते इंग्रज आणि इतर पश्चिम युरोपीय. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण-कळंगुटच्या वाळूत हिप्पी उतरले, पुढे इंग्रज निवृत्त मंडळी हिवाळाभर भाड्याने घरे घेऊन राहू लागली. वीस-वीस वर्षे येऊन-जाऊन राहणाऱ्या या मंडळींचे रशियनांविषयीचे मत ठरलेले असते. हे लोक हसत नाहीत, रांग मोडतात, मोठ्याने बोलतात, वेटरला दरडावतात, आपापसात कोंडाळे करतात, स्थानिक भाषेचा एक शब्द शिकत नाहीत. यांच्यामुळे 'आमचा जुना गोवा' बिघडला, अशी ही तक्रार असते.

'आमचा' हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या कपाळाची शीर ताठ व्हायला हवी. गोवा यांचा केव्हा झाला? वीस वर्षे राहून कोकणीतली किंवा मराठीतली दोन वाक्ये धड न बोलणाऱ्याने दुसऱ्याला भाषा शिकत नाही म्हणून दोष द्यावा, हा विनोद आहे. स्वतः कोंडाळ्यात राहणाऱ्याने दुसऱ्याच्या कोंडाळ्यावर टीका करावी, हा त्याहून मोठा विनोद. एक परका दुसऱ्या परक्याला 'परका' ठरवतो, आणि घरमालक मान डोलावतो! गोव्यातील आणि मुंबईतील इंग्रजाळलेला वर्ग हीच तक्रार शब्दशः उचलतो, "ब्रिटिश टुरिस्ट सभ्य होता हो" असे सुस्कारे टाकतो. मेकॉलेच्या शिकवणीचा हा उरलेला गाळ आहे. साहेब गेला, पण गोऱ्यांमधील उच्च कोण आणि नीच कोण, हे आजही आपण साहेबाच्याच चष्म्यातून ठरवतो.

इतिहास या चष्म्याला साजेसा नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेना गोव्यात शिरली असताना, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव मांडण्यात आला. मांडणाऱ्यांत ब्रिटन होते, अमेरिका होती, फ्रान्स आणि तुर्कस्तान होते. ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. तो ठराव हाणून पाडला तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. ज्या ब्रिटनने गोव्याच्या मुक्तीला खोडा घालण्याचा प्रयत्न केला, त्याच्या नागरिकाने गोव्याचा वारसदार म्हणून बोलावे आणि ज्यांच्या देशाने तो खोडा काढला त्यांना उपरे म्हणावे, हे आपण निमूट ऐकून घेतो. कम्युनिस्ट राजवटीविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांना ममत्व असण्याचे कारण नाही. तथापि सत्य ते सत्य. आणि हेही सत्य की, १९६१ च्या उपकाराची जाणीव वेगळी आणि किनाऱ्यावरच्या जमिनीचा उतारा वेगळा. उपकाराच्या मोबदल्यात कोणी गावाची वाळू लिहून देत नसते.

वसईकराला तर ही गोष्ट अधिक लवकर उमजायला हवी. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला, हे शाळेत शिकवले जाते. त्याच तहातले आणखी एक कलम फारसे कोणी सांगत नाही. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या युरोपीय माणसांना पेशव्याने पदरी ठेवू नये, असे ते कलम होते. म्हणजे आपल्या घरी कोणता गोरा राहील आणि कोणता राहणार नाही, हे दुसऱ्या गोऱ्याने ठरवले आणि आपण त्यावर शिक्का उमटवला. सव्वादोनशे वर्षांनंतर मोरजीच्या शॅकमध्ये बसून आपण तेच कलम पुन्हा गिरवावे?

गोरा तो साहेब, काळा तो संशयित

या लाचारीची दुसरी बाजू पाहण्यासाठी गोव्याला जाण्याचे कारण नाही. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील वसाहतींत गेली अनेक वर्षे आफ्रिकी देशांतून आलेले लोक राहतात. त्यांतील काहींवर अमली पदार्थांच्या व्यापाराचे गुन्हे दाखल झाले, पोलिसांनी छापे घातले, मुदत संपलेल्या व्हिसावर राहणारेही सापडले. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, मुदत संपलेल्याला परत पाठवलेच पाहिजे, याविषयी दुमत असू नये. अमली पदार्थांनी ज्या घरातला मुलगा गेला, त्या आईला सहिष्णुतेचे धडे देणारे स्वयंघोषित पुरोगामी कोणत्या मातीचे असतात कोण जाणे.

परंतु एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. पुस्तके घेऊन महाविद्यालयात जाणारा, कपड्यांचा व्यापार करणारा, कागदपत्रे चोख असलेला आफ्रिकी माणूस रिक्षात बसू लागला की रिक्षावाला नाक मुरडतो. पोरे मागून हाका मारतात. आणि हाच रिक्षावाला, हीच पोरे मोरजीला गेली की, परवाना नसताना धंदा करणाऱ्या, मुदतीबाहेर राहणाऱ्या गोऱ्या माणसाबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी धडपडतात. कायदा दोघांना एकच आहे. मग नजर दोन का? गोव्यातही ऑक्टोबर २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, तेव्हा साऱ्या राज्याला कायदा-सुव्यवस्थेची आठवण झाली. ती आठवण योग्यच होती. पण गोऱ्यांच्या बाबतीत हाच कायदा वर्षानुवर्षे पेंगत का होता?

कातडीचा रंग पाहून माणसाची किंमत करणे ही हिंदू विचाराची देणगी नव्हे. ज्या समाजाने सावळ्या विठ्ठलाला आणि श्यामवर्णी रामाला हृदयात स्थान दिले, त्याने गोऱ्या कातडीला पाट आणि काळ्या कातडीला चौकट दाखवावी, याला धर्मरक्षण म्हणत नाहीत. ही गुलामीची खोड आहे. खोड मोडायची तर माप एकच ठेवावे लागेल. माणूस कायद्याने आला आहे का, कायद्याने राहतो आहे का, शेजारधर्म पाळतो आहे का, हे तीन प्रश्न रशियनाला लागू, इंग्रजाला लागू, नायजेरियनाला लागू, आणि खोट्या कागदांवर राहणाऱ्या बांगलादेशी घुसखोरालाही लागू. या मापात बसेल तो पाहुणा, बसणार नाही त्याला परतीची वाट.

विकणारा आपलाच

आता सर्वांत कडू घोट. मोरजीचा किनारा रशियनांनी लुटला नाही. तो विकला गेला आणि भाड्याने दिला गेला, आणि विकणारे, भाड्याने देणारे हात आपलेच होते.

या देशाचा कायदा कच्चा नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे 'फेमा'नुसार, पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी नागरिकाला भारतात घर वा जमीन विकत घेता येत नाही. ज्याला येथील रहिवासी मानायचे, त्याने आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात काढलेला असला पाहिजे, आणि नोकरी, व्यवसाय किंवा दीर्घ वास्तव्याचा खरा हेतू असला पाहिजे. नुसते दिवस भरून भागत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरी-धंदा करता येत नाही. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत 'सी फॉर्म' भरून कळवण्याचे बंधन हॉटेलमालकावर आहे, तसे खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकावरही आहे. जुने, इंग्रजी अमदानीतले कायदे बाजूला सारून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक व स्थलांतर कायदा अमलात आला आहे.

मग रशियन मालकीची उपाहारगृहे, विश्रामगृहे आणि दुचाक्या भाड्याने देणारी दुकाने उभी राहतात कशी? वाट ठाऊक असलेल्याला वाट सापडते. कागदावर नाव गावच्या माणसाचे, पैसा आणि हुकूम परक्याचा. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हाती पडली की नावाचा मालक गप्प. कोठे कंपनी काढायची, कोठे नोटरीचा कागद करायचा, आणि 'सी फॉर्म' भरला तर कर लागेल म्हणून तो भरायचाच नाही. २००० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय यंत्रणांनी गोव्यातील परदेशी नागरिकांच्या जमीन व्यवहारांची चौकशी आरंभली, तेव्हा हे सारे उजेडात आले होते. उजेड पडला, काही दिवस धावपळ झाली, पुन्हा अंधार झाला. सत्तेवर कोणीही असो, किनाऱ्यावरची ही गाठ सोडवण्याचे धैर्य अभावानेच दिसले.

या व्यवहारात गेले ते काय? गोव्यात ज्याला 'एक-चौदा'चा उतारा म्हणतात, त्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या असलेले आडनाव गेले. भाटकाराच्या जमिनीत पिढ्या काढलेल्या मुंडकाराच्या झोपडीपुढे हॉटेलची भिंत उभी राहिली. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला होडी ओढून ठेवण्यासाठी वाळू उरली नाही. परदेशी चालकाच्या, परवाना नसलेल्या गाडीने स्थानिक टॅक्सीवाल्याचे भाडे पळवले. आणि मुके जीवही सुटले नाहीत. मांद्रे आणि मोरजीचे किनारे २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या प्रजननाची स्थळे म्हणून नोंदवलेले आहेत. ऑलिव्ह रिडले कासवीण हिवाळ्याच्या रात्री येथे अंडी घालते. पिल्ले बाहेर पडली की समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने सरपटतात. किनाऱ्यावर हॉटेलांचे दिवे पेटलेले असले की ती समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात आणि मरतात. गावच्या मंडळींनी आणि वनखात्याने नव्वदच्या दशकापासून जी घरटी राखली, त्यांच्या शेजारी रात्रभर ढोल बडवणारे संगीत वाजते. ते वाजवणारा परका असेल, परवानगी देणारा परका नसतो.

काही नगण्य पैशांसाठी गावाने स्वतःचे नाव भाड्याने द्यावे आणि मग रशियन पाटी पाहून अस्मिता दुखावल्याची ओरड करावी, हा दुटप्पीपणा झाला. पाटी पुसून प्रश्न सुटत नाही. पाटीमागचा करार फाडावा लागतो.

अटी घालणारा समाज

"मग काय दारे लावून बसायचे?" असा प्रश्न येथे विचारला जाईल. मुळीच नाही. हिंदू समाजाइतका पाहुण्याला जवळ करणारा समाज जगात विरळा. परंतु पूर्वजांचे आतिथ्य भाबडे नव्हते, ते अटी घालत असे. आणि त्याचा पुरावा आपल्याच पालघर जिल्ह्याच्या शेजारी आहे.

इराणातून धर्मरक्षणासाठी निघालेले पारशी संजाणच्या किनाऱ्याला लागले. 'किस्सा-ए-संजान' या त्यांच्याच काव्यात सांगितलेली परंपरा अशी की, तेथील राजा जादी राणाने त्यांना आश्रय दिला तो अटी घालून. आपला धर्म काय ते समजावून सांगा, येथली भाषा स्वीकारा, स्त्रियांनी येथला पोशाख घालावा, शस्त्रे खाली ठेवा. पारशांनी अटी मान्य केल्या आणि अग्नी प्रज्वलित केला. पुढे संजाणवर आक्रमण झाले, तेव्हा तो अग्नी डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून राखला गेला. ना यजमानाने धर्म हिरावला, ना पाहुण्याने घर बळकावले. जगातील कोणत्याही तथाकथित उदारमतवादी राष्ट्राने गिरवावा असा हा कित्ता आहे.

आणि जेथे अटी घालण्याची ताकद नव्हती, तेथे काय झाले? १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मोगलांच्या धास्तीने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसईचा मुलूख लिहून दिला. ज्या मातीत वसईकर राहत होता, ती माती त्याला न विचारता एका सुलतानाने एका परक्याला दिली. ते ओझे उतरवायला दोनशे पाच वर्षे लागली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा मराठ्यांनी हजारो माणसे गमावलेली होती. तरीही शरण आलेल्या शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले, आणि जे ख्रिस्ती रयत म्हणून राहिले त्यांना धर्माचरणाची मोकळीक दिली. वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. बलवान यजमान कसा वागतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते? लाचार सुलतानाने मुलूख दिला आणि बलवान सेनापतीने अभय दिले. देणे आणि देणे यांत एवढे अंतर असते.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर इंडोनेशियातील बाली बेटाकडे पाहावे. मुस्लिमबहुल देशातले हे हिंदू बेट. त्याचे पोटच पर्यटनावर आहे, आणि युद्धानंतर तेथेही रशियनांची रीघ लागली. पवित्र वृक्षावर विवस्त्र छायाचित्रे काढणाऱ्या एका रशियन महिलेला २०२२ मध्ये बालीने देशाबाहेर पाठवले. गुनुंग आगुंग या पवित्र पर्वतावर असभ्य वर्तन करणाऱ्या रशियन पुरुषालाही २०२३ मध्ये परत धाडले. त्याच वर्षी मार्चमध्ये तेथील राज्यपाल वायान कोस्तर यांनी रशियन आणि युक्रेनी नागरिकांना विमानतळावर उतरताच मिळणारा व्हिसा बंद करावा, अशी मागणी केंद्र सरकारकडे केली. पाहुण्यांनी काय करावे आणि काय करू नये, याची यादीच प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून बेटाच्या संस्कृतीच्या रक्षणासाठी दीड लाख रुपिया, म्हणजे आपले सुमारे आठशे रुपये, कर घेतला जाऊ लागला. आणि 'न्येपी' या मौनाच्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद राहतो. राजदूत असो वा लक्षाधीश, त्या दिवशी कोणीही रस्त्यावर येत नाही. बालीचे पर्यटन यामुळे बुडाले नाही. बालीचा मान वाढला. इवलेसे हिंदू बेट जे करू शकते, ते शंभर कोटींहून अधिक हिंदूंच्या देशाला का जमू नये?

उद्याचा मोरजी कोणता?

हे सारे वसई-विरारकराने का वाचावे? कारण अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव आणि रानगाव हा किनारा आज त्याच वळणावर उभा आहे, जेथे तीस वर्षांपूर्वी मोरजी होते. सुरूची बने आहेत, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या आहेत, कोळीवाडे आहेत, आणि त्यांच्यामधून शनिवार-रविवारच्या रिसॉर्टांच्या भिंती वर येत आहेत. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. उत्तन-विरार सागरी सेतूचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे. बुलेट ट्रेनच्या मार्गावर विरार आहे. विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. राष्ट्राला बंदरे हवीत, रस्ते हवेत. पण रस्त्याबरोबर पैसा येतो, आणि पैशाबरोबर येणारा शेजारी कोणती भाषा बोलेल हे आज कोणी सांगू शकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते, हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा होत होता, तेव्हा वसईकर रस्त्यावर उतरला. त्या हरित वसईच्या लढ्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. त्यांच्या अनेक मतांशी या साप्ताहिकाच्या वाचकांचे मतभेद होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या लढ्यात वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती शेतकरी एका विहिरीच्या पाण्यासाठी एकत्र उभे राहिले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावाची जमीन हा गावाचा विषय आहे आणि तो राखण्याचे बळ एकजुटीत आहे, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

करायचे काय, तेही अवघड नाही. ग्रामसभेने आणि प्रभागातील जागरूक नागरिकांनी किनाऱ्यावरील जमीन व्यवहारांवर लक्ष ठेवावे. आपल्या सोसायटीतील भाडेकरूची पोलिसांत नोंद झाली आहे की नाही, हे सचिवाने वर्षातून एकदा विचारावे. मग तो भाडेकरू मॉस्कोचा असो, लागोसचा असो वा मुर्शिदाबादचा पत्ता सांगणारा असो. जादा भाड्यासाठी नोंद लपवणाऱ्या घरमालकाला सोसायटीच्या सभेत उभे करावे. स्वतःचे नाव परक्याच्या धंद्याला भाड्याने देणाऱ्या भावकीतल्या माणसाला चार शब्द ऐकवावेत. आणि जो परदेशी माणूस रीतसर आला आहे, रीतसर राहतो आहे, त्याला गणपतीच्या आरतीला बोलवावे, मोदक द्यावा, दोन मराठी वाक्ये शिकवावीत. तो आपल्या देशात जाऊन काय सांगेल, ते त्या मोदकावर ठरेल.

पत्रादेवीच्या स्मारकावरून आज रोज शेकडो गाड्या मोरजीच्या दिशेने धावतात. त्यांत वसई-विरारच्या गाड्याही असतात. पुढच्या दिवाळीत जाणाऱ्यांनी तेथे पाच मिनिटे थांबावे आणि मुलांना सांगावे की, येथे पंजाबचा कर्नेलसिंग गोव्यासाठी पडला. त्याने परक्याकडून हिसकावून घेण्यासाठी जी माती रक्ताने भिजवली, ती आपण परक्याला भाडेकराराने देत आहोत का, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. उत्तर देणे मात्र मोठ्यांना भाग आहे. यजमान म्हणून जगायचे असेल तर घराच्या अटी आधी घरातल्या माणसांनी पाळाव्या लागतात.